जावईबापूंना बॉल देऊ नका

नंदुरबारच्या कॉलेजात त्या वर्षी फुटबॉलचा जो संघ होता, त्यातली निम्मी पोरं तापीकाठच्या सोनखेड्याची होती. आणि संघाचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधोमध पुढे उभा राहून गोल करायचा तो गडी, सोनखेड्याचाच जावई होता. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

सोनखेडे हे गुजरांचं गाव. कापूस, केळी, ऊस आणि मान या चार गोष्टी तिथे भरपूर पिकत. एका घरचा जावई हा साऱ्या गावचा जावई. तो पारावरून निघाला तर बसलेले उठायचे. तो ओट्यावर आला की खाट बाहेर यायची, खाटेवर गादी, गादीवर धुतलेली चादर. जावयाने काही मागायचं नसतं आणि त्याला काही मागायची वेळ येऊ द्यायची नसते, हा तिथला नियम. आपला सेंटर फॉरवर्ड पितांबर हा लोणखेड्याचा. मागच्या उन्हाळ्यात हिंमतराव पाटलांच्या तुळशीशी त्याचं लग्न झालं. तो राहायचा कॉलेजच्या वसतिगृहात, सासरी जायचा फक्त सणावाराला. पण सासर मात्र त्याच्याकडे रोज यायचं. संध्याकाळी पाच वाजता, मैदानावर, उघड्या पायांनी.

संघाचा कॅप्टन रूपचंद हा तुळशीचा चुलतभाऊ. गोली होता नथमल, नंदुरबारच्या कापडबाजारातल्या मारवाड्याचा मुलगा. त्याच्या हातातून बॉल क्वचित सुटायचा, पण तोंडाला मात्र कुणी गोली नव्हता.

संघ आजवर एकच खेळ खेळत आला होता. त्याला पोरं मुसंडी म्हणत. बॉल मिळाला की सगळ्यांनी एकत्र व्हायचं आणि मधून घुसायचं. पुढे पितांबर, कारण तो सहा फूट उंच आणि दाराएवढा रुंद. मागून बाकीचे. तालुक्याच्या संघांपुढे हे चालायचं. धुळ्याच्या संघापुढे चालत नव्हतं. मागच्या वर्षी अंतिम सामन्यात धुळेकरांनी मधे भिंत उभी केली आणि मुसंडी त्या भिंतीवर आपटून आपटून थकली.

या वर्षी कॉलेजात खेळाचे नवे शिक्षक आले. गावीत सर. नवापूरचे. तिथल्या रेल्वेच्या मैदानावर स्टेशनातल्या लोकांबरोबर खेळत ते लहानाचे मोठे झाले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी पोरांना खाली बसवलं आणि विचारलं, "कपाशी दाट पेरली तर काय होतं?"

सोनखेड्याची पोरं हसली. हे काय विचारणं झालं? रूपचंद म्हणाला, "झाड वाढस सर, बोंड लागत नही."

"का लागत नाही?"

"जागा नही, ऊन नही. एकमेकले खाई जातंस."

"मग तुम्ही मैदानावर दाट का पेरून घेता?"

पोरांचं हसू मावळलं. सर पुढे म्हणाले, "तुम्ही पाच जण एका जागी उभे राहिलात, तर समोरचे दोघे तुम्हाला अडवतात. तुम्ही पाच जण या चुन्याच्या रेषेपासून त्या रेषेपर्यंत पसरलात, तर त्यांना पाच माणसं लागतील. तीही पसरतील. आणि पसरली की कुठेतरी फट पडेल. आपला बॉल त्या फटीतून जाईल. ताकद लागते, पण आधी जागा लागते."

या मोकळ्या खेळावरून गावात दोन तट पडले. मोठा तट हिंमतराव पाटलांचा. ते तरुणपणी हुतुतू खेळत आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. बाजाराच्या दिवशी गाडी सोडून ते मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले, तेव्हा पोरं अशी लांब लांब पसरलेली पाहून त्यांना राहवेना.

"मास्तर, हाई काय शे? भांडण व्हयनं का पोऱ्यासमा?"

"नाही आबा. खेळतायत."

"हाऊ खेळ शे? एक आठे, एक तठे! चार बैल चार दिशासले जुपा ते गाडं जाई का पुढे?"

"गाडं नाही जाणार, आबा," गावीत सर हसून म्हणाले. "पण चार बैल चार दिशांना सुटले, तर एकटा गुराखी कोणाकोणाला अडवेल?"

हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "बोलाले चांगला शेतस तुम्ही. अंतिम सामनामा पाहू. हारनात ना, ते पुढल्या वरीसले मुसंडी. आनि मुसंडीना कॅप्टन आमना जवाई."

पितांबर जवळच उभा होता. त्याने मान खाली घातली. सासऱ्यासमोर जावई बोलत नाही.

खरं सांगायचं तर पितांबरला कॅप्टन व्हायचं नव्हतं, आणि पुढल्या वर्षी तो कॉलेजात असणारही नव्हता, पण हे सासऱ्याला सांगणार कोण? त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे तळोद्याच्या संघाशी झालेल्या सरावाच्या सामन्यात उघड झालं.

त्या दिवशी पोरं सरांनी सांगितल्याप्रमाणे छान पसरली. उजवीकडे पार रेषेवर दोधू, बारीक अंगाचा आणि वाऱ्यासारखा पळणारा. डावीकडे दुसरा एक. मधे रूपचंद, पुढे पितांबर. उभे राहिले तोवर सगळं चित्रासारखं. पण बॉल सुरू झाला आणि कुठूनही निघालेला बॉल पितांबरकडे जाऊ लागला. उजवीकडे दोधू हात वर करून मोकळा उभा, तरी बॉल पितांबरला. पितांबरच्या अंगावर तळोद्याचे तिघे लोंबकळतायत, तरी बॉल पितांबरला. एकदा तर सोनखेड्याचा एक पोरगा गोलाच्या तोंडाशी एकटा होता. समोर गोली पडलेला, नुसता पाय लावायचा अवकाश. त्याने मान वळवली, मागे पितांबरला पाहिलं आणि बॉल आदराने मागे सरकवला. जसं पंगतीतलं पहिलं पुरण जावयाच्या ताटात जातं, तसं.

पितांबरने तो जोरात मारला. बॉल गोलावरून, कुंपणावरून, शेजारच्या शेतात गेला.

आता दुसरा कोणी असता तर दहा तोंडांनी त्याचा उद्धार झाला असता. इथे काय झालं?

"बॉलमा हवा कमी शे," रूपचंद म्हणाला.

"जमीन उतरती शे आठे," दुसरा म्हणाला.

"वारा बी व्हता पाव्हना, उलटा," तिसरा म्हणाला. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

सामना बरोबरीत सुटला. पोरं गेली. पितांबर एकटाच गोलाच्या खांबाला टेकून बसला. नथमल हातमोजे काढत आला आणि शेजारी बसला.

"काय जवाईराजा? पंगत आवडली?"

"नथ्या, एक सांग. मी किती वाईट मारला?"

"एवढा वाईट मी जन्मात पाहिला नाही. माझी आजी बदामबाई डोळे मिटून याहून बरा मारेल."

पितांबरचा चेहरा उजळला. "हे! हेच कोणी म्हणत नाही मला. वर्ष झालं. मी चुकलो की जमीन उतरती होते. अरे, मी संघात आहे की पाहुणा आलोय?"

"पाहुणाच आहेस तू. मी काय, दुकानदाराचा मुलगा, मला शिव्या फुकट मिळतात. तुला तेवढ्या मिळायच्या नाहीत."

नथमल हसला, पण पितांबर हसला नाही. हे त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. यानंतर लोणखेड्याला शेती. धुळ्याविरुद्धचा सामना हा शेवटचा. तो जिंकावा असं साऱ्यांनाच वाटत होतं. पितांबरला तो अकरातला एक होऊन जिंकायचा होता.

दुसऱ्या दिवशी गावीत सरांनी त्याला बाजूला घेतलं. सर वाईट गोष्टही धीराने, समजावून सांगत.

"पितांबर, तू वाईट खेळत नाहीस. पण तू मैदानावर असलास की यांचे डोळे तुझ्याकडेच जातात. मोकळ्या खेळात बॉल मोकळ्या माणसाला द्यायचा असतो, मोठ्या माणसाला नाही. तुला बाहेर बसवावं असं मला वाटलं होतं."

पितांबरने मैदानाकडे पाहिलं.

"पण ते मला जमणार नाही," सर म्हणाले. "गावचा जावई बाहेर बसला, तर सोनखेड्याचा एकही पोरगा आत उतरणार नाही. त्यांना घरी जेवायला मिळणार नाही. मग मी काय करू, तूच सांग."

पितांबरने पायाने मातीत एक रेघ ओढली, मग दुसरी. 

"सर, मागच्या वर्षी धुळ्याच्या लोकांनी काय पाहिलं?"

"काय?"

"हेच. सगळा बॉल माझ्याकडे येतो. म्हणजे या वर्षीही ते दोन माणसं माझ्या अंगावर सोडणार. मग मला मधे कशाला उभं करता? डावीकडे टोकाला न्या. पार चुन्याच्या रेषेवर. ती दोघं माझ्यामागे येतील. मधली दोन माणसं कमी झाली की फट पडेल. तुम्हीच म्हणता ना, आधी जागा लागते."

गावीत सरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि तुला बॉल?"

"मला द्यायचाच नाही."

"सामनाभर?"

"सामनाभर."

सर उठून उभे राहिले. "हे मला सुचायला हवं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण हे पोरांच्या गळी कोण उतरवणार?"

पोरांच्या गळी ते उतरेना. रूपचंदने तर कानांवर हात ठेवले.

"पाव्हना, असं कसं? तुम्ही रिकामा उभा ऱ्हाशात आनि आम्ही बॉल खेळसूत? सारं गाव येवाव शे पाहाले. मन्ही काकू येवाव शे!" त्याची काकू म्हणजे तापीबाई, पितांबरची सासू. "ती माले घरमा पाय ठेवू देवाव नही. तुळशीताई राखी बांधाव नही."

बाकीचेही माना हलवू लागले. जावयाला डावलून खेळायचं म्हणजे त्याला पंगतीत बसवून वाढायचं नाही, असंच ते होतं.

पितांबरने सगळ्यांकडे पाहिलं. मग तो सोनखेड्याच्या माणसांशी आजवर कधी बोलला नव्हता, तसं बोलला. "जवाईले रुसाना हक्क शे का नही?"

"शे," पोरं म्हणाली. जावयाने रुसायचं आणि सगळ्या गावाने त्याची समजूत काढायची, हे तर नियमातच होतं. गेल्या दिवाळीत शेजारच्या घरचा जावई रुसला होता, तो फटफटीवर बसल्यावरच हसला.

"मंग ऐका. जो माले बॉल देई, त्यानावर मी रुससू. त्यान्हा घर पानी पेवाव नही. त्यान्हा लगीनमा येवाव नही. समजनं?"

 नथमलला हसू आवरेना म्हणून त्याने हातमोजा तोंडात कोंबला.

रूपचंदने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे, बॉल दिना ते मान नही, आनि नही दिना ते मान शे?"

"बराबर."

हे मात्र पोरांना कळलं. जावयाची आज्ञा मोडायची म्हणजे फारच झालं. त्या दिवसापासून पितांबरकडे बॉल जाणं थांबलं, ते असं की चुकूनही जाईना. सरावात तो डावीकडून नुसता धावायचा, वळायचा, हात वर करायचा, दोघातिघांना मागे ओढायचा. बॉल उजवीकडे, बॉल मधे, बॉल दोधूच्या पायात. पोरं हळूहळू मान वर करून खेळायला शिकली. मोकळा कोण, एवढंच पाहायला शिकली. गावीत सर कडेला उभे राहून मधूनच टाळी वाजवायचे, दुसरं काही नाही.

अंतिम सामना नंदुरबारला, मंगळवारी. मंगळवार बाजाराचा, म्हणून मैदानाच्या कडेला बैलगाड्यांची रांग लागली. सोनखेडे जवळजवळ सगळं आलं होतं. हिंमतराव पांढरा फेटा बांधून पुढे उभे. मागे लिंबाखाली सोडलेल्या गाडीत तापीबाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. जावयासमोर सासू तोंड उघडत नाही. पण पुतण्याला ओरडायला कसली आडकाठी?

धुळ्याचा संघ बूट घालून उतरला. त्यांच्या कॅप्टनने पितांबरकडे बोट दाखवून आपल्या दोन दांडग्या गड्यांना काहीतरी सांगितलं. शिट्टी झाली आणि पितांबर सरळ डावीकडच्या रेषेकडे चालू लागला. ते दोघे एकमेकांकडे पाहून त्याच्यामागे गेले. तो पुढे गेला, ते पुढे. तो मागे आला, ते मागे.

"पाहा पाहा," गावीत सर हळूच म्हणाले.

बॉल रूपचंदच्या पायाशी आला. त्याने मान वर केली. मधे, जिथे मागच्या वर्षी भिंत होती, तिथे आता धुळ्याचा एकच माणूस होता आणि त्याला कळत नव्हतं की इकडे जावं की तिकडे. रूपचंदने बॉल उजवीकडे दोधूला दिला. मधला माणूस दोधूकडे धावला. दोधूने तो पुन्हा मधे सोडला. रूपचंद पळत येत होता. समोर नुसता गोली. गोल!

फेटे उडाले. हिंमतरावही हात वर करून ओरडले आणि मग एकदम थांबले. "जवाईले बॉलच नही दिना!" ते शेजाऱ्याला म्हणाले.

गाडीतून तापीबाईंचा आवाज आला. "रूप्या! ए रूप्या! जवाईबापू तठे उन्हामा उभा शेतस! त्यासले दे ना रे!"

रूपचंदने न ऐकल्यासारखं केलं. पुढचा बॉलही उजवीकडे गेला. त्याच्या पुढचाही. पितांबर डावीकडे दोन गडी घेऊन धावत होता, घामाने निथळत होता आणि त्याच्या पायाला बॉलचा वाराही लागला नव्हता. सोनखेड्याच्या लोकांमध्ये कुजबुज सुरू झाली. पोरांचं आणि जावयाचं बिनसलं का? तुळशीचं काही झालं का? एका म्हाताऱ्याने तर मिटवामिटवीसाठी दोन्ही गावच्या पंचांना बोलवायची तयारी केली.

हाफ टाइमच्या थोडं आधी धुळेकरांनी कॉर्नरवरून डोक्याने गोल केला. एक-एक.

मधल्या सुटीत पोरं लिंबू चोखत बसली होती, तेवढ्यात हिंमतराव आत आले. चेहरा लाल.

"मास्तर! मन्हा जवाई कुंपणनी खुंटीमायक उभा शे! तुम्ही त्यासना असा अपमान करी ऱ्हायनात?"

गावीत सरांनी पितांबरकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता हा गप्प बसेल. पण पितांबर उभा राहिला.

"आबा, मीच सांगेल शे," तो म्हणाला.  "माले बॉल देवाना नही असं. मन्हामांगे दोन जन शेतस. म्हणीसन मधली जागा मोकळी शे."

हिंमतराव पाहतच राहिले. जावई बोलला, आणि तेही उलटून. पण हुतुतू खेळलेला माणूस तो. त्याने एकदा मैदानाकडे पाहिलं, मधल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि पाठ फिरवून आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

आता धुळ्याचा कॅप्टनही काही मूर्ख नव्हता. या लांब गड्याकडे बॉल येतच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. दुसरा डाव सुरू होताच त्याने हाक मारली आणि पितांबरच्या मागचे दोघे मधे गेले. झालं. मधली भिंत पुन्हा उभी राहिली. रूपचंद आपटला, दोधू आपटला. बॉल मागे जाऊ लागला. नथमलने दोन बॉल असे अडवले की त्याच्या बापानेही पेढी सोडून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि डावीकडे, अर्ध्या मैदानाएवढ्या मोकळ्या जागेत, पितांबर एकटा उभा होता.

त्याने हात वर केला. रूपचंदने पाहिलं आणि बॉल दुसरीकडे दिला. पितांबरने पुन्हा हात वर केला. पुन्हा तेच. पोरं शब्दाला पक्की होती. जावई रुसेल, म्हणून त्याच्याकडे बघायचंच नाही. पितांबरला ओरडायचं होतं. पण जावई मागत नसतो. वाढणाऱ्याचं लक्ष जाईपर्यंत तो वाट पाहतो. लोणखेड्याच्या आईने लग्नाआधी त्याला हे सात वेळा बजावलं होतं.

मोकळी जागा अशी वाया जात होती. तो थोडा पुढे सरकला. हात वर केला. मग दोन्ही हात वर केले. आणि मग मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा ओरडला.

"रूप्या! आन तो बॉल! आठे! आन!"

सारं सोनखेडे हादरलं. लिंबाखाली तापीबाईंचा पदर घसरला. रूपचंद तर बॉलवर पाय ठेवून थांबलाच.

"तुम्ही रुसशात ना!"

"रुसत नही रे! दे!"

रूपचंदने दिला. बॉल गवतावरून घसरत आला, पितांबरच्या पुढ्यात. समोर कोणी नव्हतं. तो धावला, धावला, आणि गोली पुढे येताच त्याने आयुष्यातली सगळी ताकद लावून पाय मारला.

बॉल गोलावरून गेला. तळोद्याच्या सामन्यात गेला होता तसाच, फक्त आणखी उंच.

 सोनखेड्याच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच, "जमीन जरा..."

"अरे डोया फुटना का तुन्हा!" रूपचंद ओरडला. तो धावत येत होता, केस कपाळावर चिकटलेले, डोळ्यांत पाणी. "एवढा मोठा गोल शे, दिसस नही का तुले? मेहनत करी करी मरी गयात आम्ही, आनि तू आभायले गोल करी ऱ्हायना?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो. त्याने जीभ चावली. लिंबाखालून तापीबाईंची किंकाळी आली, "रूप्याऽऽ!"

पितांबर त्याच्याकडे पाहत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, असं की रूपचंदला वाटलं, उन्हाने याला भोवळ आली.

"मन्ही चूक व्हयनी," पितांबर म्हणाला. "आते पुन्हा आन. आते चुकाव नही."

"चुकना ते देख!" रूपचंद म्हणाला आणि वळून पळाला.

आता धुळेकर पेचात पडले. या लांब गड्याला मोकळं सोडावं तर तो गोलापर्यंत येतो. त्याच्यामागे माणसं लावावीत तर मधे भगदाड पडतं. त्यांच्या कॅप्टनने एकाला पाठवलं, दुसऱ्याला अर्ध्यावर थांबवलं. अर्ध्यावर थांबलेला माणूस कुणाच्याच कामाचा नसतो. आणि पोरं आता जावयाला द्यायचं म्हणून देत नव्हती, की द्यायचं नाही म्हणून टाळत नव्हती. बॉल दोधूकडे गेला, रूपचंदकडे आला, पुन्हा दोधूकडे. जो मोकळा त्याच्याकडे. धुळ्याचे बूट इकडून तिकडे, तिकडून इकडे धावून जड झाले.

रेफरी घड्याळाकडे पाहू लागला होता. दोधू उजवीकडून सुटला आणि त्याने बॉल गोलासमोरून आडवा मारला. रूपचंदचा पाय पोचला नाही. बॉल पुढे गेला. डावीकडून पितांबर येत होता, आणि या वेळी तो ओरडतच येत होता, "मन्हा! मन्हा! मन्हा!" त्याने मारलेला बॉल गोलीच्या छातीवर आदळला आणि परत फिरला. पितांबर त्याच्यावर अडखळला, पडला, आणि पडता पडता बॉल त्याच्या गुडघ्याला लागून हळूच, अगदी म्हशीच्या चालीने, रेषेच्या आत गेला.

असा गोल कुणी कौतुकाने सांगणार नाही. पण तो गोल होता.

पोरं त्याच्या अंगावर पडली. मान राखून, अंतर ठेवून नाही, तर एकमेकांच्या उरावर, कोपर लागलं, गुडघा लागला, कोणाचा तरी पाय त्याच्या तोंडावर. नथमल आपला गोल मोकळा टाकून सारं मैदान ओलांडून आला आणि ढिगाऱ्यावर वरून पडला. गावीत सर कडेवरून ओरडत होते, "नथमल! गोलात जा! अजून संपलं नाहीये! गोलात जा रे बाबा!" वर्षभरात सर आवाज चढवून बोललेले कोणी ऐकले नव्हते.

नथमल धावत परत पोचला, आणि तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली.

ढोल कुणी आणला होता, कोण जाणे. बाजारातून लोक आले. सोनखेड्याच्या पोरांनी रूपचंदला खांद्यावर घेतलं, दोधूला घेतलं. पितांबरला घ्यायला गेले तर तो इतका जड की तिघे खाली बसले, आणि सगळे हसले, पितांबर सर्वांत जास्त. धुळ्याचा कॅप्टन येऊन हात मिळवून गेला. "तुम्ही आम्हाला दमवलंत," तो गावीत सरांना म्हणाला. "कुठे उभं राहावं, तेच कळेना."

रूपचंद मात्र चोरासारखा लिंबाकडे पाहत होता. तापीबाई गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पण त्यांच्या आधी हिंमतराव चालत आले. गर्दी बाजूला झाली. ते पितांबरसमोर उभे राहिले. पितांबरने सवयीने मान खाली घातली.

 हिंमतरावांनी पायाशी पडलेला बॉल वहाणेने सरकवून पाहिला.

"तो पहिला वर कसा काय गया रे?" त्यांनी विचारलं.

रे. आजूबाजूच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पितांबरने मान वर केली.

"पाय खाले लागना, आबा. मी मांगे झुकनू."

"मंग मांगे काबरं झुकस? पुढे वाकीसन मारना. हाई देख." हिंमतरावांनी धोतराचा सोगा खोचला, एका हाताने फेटा धरला, दोन पावलं मागे घेतली आणि सगळ्या गावासमोर पाय मारला. बॉल उजवीकडे तिरका उडाला आणि बैलांच्या पोटाखालून जाऊन लिंबाच्या बुंध्यावर आदळला. बैल दचकले.

कोणी हसेना. पाटलांना कोण हसणार?

"आबा," पितांबर म्हणाला, "तुमना ते मन्हापेक्षा वाकडा गया."

हिंमतरावांनी डोळे वटारले. मग त्यांच्या मिशा हलल्या. "पोऱ्याहो," ते म्हणाले, "आना तो बॉल. आखो एक डाव मारू द्या माले."